जिन्याने जाणाऱ्या काकूंची खरी गोष्ट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कोजागिरीच्या संध्याकाळी गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलंय की दूध आटेपर्यंत बोला. दूध आटायला वेळ लागतो हे त्यांना माहीत नसावं, त्यामुळे मी तेवढा वेळ घेणार आहे.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आरोग्याचा मंत्र’ असा विषय छापलाय. त्याचं कारण हे माझ्या हातातलं सन्मानचिन्ह. २०१७ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कमिटीने मला शाल, श्रीफळ आणि हे दिलं. पाचव्या मजल्यावर राहून कधीही लिफ्ट न वापरणाऱ्या, रोज ९० पायऱ्या दोन-तीनदा चढणाऱ्या सभासद म्हणून. टाळ्या वाजल्या. मी हात जोडून खाली बसले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते बक्षीस मी फसवून घेतलं होतं. मी आरोग्यासाठी जिना चढत नव्हते. मला लिफ्टची भीती वाटत होती. साधी नाही, जीव जाईल अशी.

आज ते सांगायचं ठरवलंय. आमचे हे तिकडे मागच्या खुर्चीत बसलेत, त्यांना विचारून ठरवलंय.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना २०११ चा उन्हाळा आठवत असेल. लोडशेडिंग होतं, आणि आपल्या लिफ्टला तेव्हा एआरडी नव्हती. म्हणजे वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते ते यंत्र. मे महिन्यात आम्ही चौघं तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये वीसेक मिनिटं अडकलो. गंमत म्हणजे त्या दिवशी मला काहीसुद्धा झालं नाही. सगळे हसत होते, मीही हसले. झालं ते तिसऱ्या दिवशी. वीज होती, लिफ्ट व्यवस्थित चालू होती, मी एकटी होते. दार बंद झालं आणि छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं. बोटांना मुंग्या, घसा कोरडा, श्वास पुरेना. पाचव्या मजल्यावर मी बाहेर पडले तेव्हा गाऊन घामाने भिजला होता.

ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉईड तपासलं, नॉर्मल. या दोन्ही तपासण्या करायलाच हव्यात, हे मी मुद्दाम सांगते. छातीत पहिल्यांदा असं झालं तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका, आधी हृदय तपासा. थायरॉईड जास्त काम करत असेल तरी धडधड होते. माझं दोन्ही चांगलं निघालं, आणि सगळ्यांच्या मते विषय संपला. मी मात्र जिन्याने जायला लागले.

आणि लोकांनी कौतुक करायला सुरुवात केली! ‘काकू, या वयात!’ मी एकदाही म्हटलं नाही की अहो, तसं नाहीये. खोटं सांगावं लागतच नव्हतं, लोकच माझ्या वतीने सांगत होते. सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. त्यानंतर आपली सोसायटीची सहल गेली होती, तेव्हा तुम्ही सगळे ट्रॉलीने गेलात आणि मी एकटी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढून वर आले. तुम्ही म्हणालात, केवढी श्रद्धा. देवीला ठाऊक, मला त्या ट्रॉलीचं दार बंद होताना बघवलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. लिफ्ट ही माझ्या दुखण्याची फक्त पुढची बाजू होती. मी लहानपणापासून ‘काळजी करणारी’. मुलाने फोन उचलला नाही की अपघात. ह्यांना खोकला आला की टीबी. पाऊस जास्त झाला की गंगापूर धरण. घरात सगळे म्हणायचे, हिचा स्वभावच आहे. पुढे मला कळलं की सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, वेगवेगळ्या गोष्टींची आवरता न येणारी काळजी, सोबत झोप उडणं, मान-खांदे आखडणं, चिडचिड, असं असेल तर त्याला आजाराचं नाव आहे. चिंताविकार. आणि एखाद्या ठराविक गोष्टीची, प्रसंगाची अवाजवी भीती, जिच्यामुळे माणूस ती गोष्टच टाळायला लागतो, तिला फोबिया म्हणतात. माझ्याकडे दोन्ही होतं. खाली काळजीची जमीन आणि तिच्यावर हे लिफ्टचं झाड. मग त्या झाडाला फांद्या फुटल्या. सिनेमागृह, विमान, बँकेची लॉकर रूम, आणि शेवटी रेल्वेचा बोगदा.

नाशिककराला बोगद्याची भीती म्हणजे काय, हे तुम्हीच बघा. मुंबईला जायचं तर इगतपुरी-कसारा घाट उतरायचा. पंचवटी एक्सप्रेसने मी लग्नाआधीपासून प्रवास केलेला, बोगदा आला की ओरडणाऱ्या मुलांत मीही असायचे. तीच मी रेल्वेने जायचं बंद केलं. मग रस्त्याने, खिडकीच्या काचा उघड्या ठेवून. मग तेही नको.

डिसेंबर २०२१ मध्ये माझ्या नातीचं बारसं झालं. मुलगा मुंबईत एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. मी सांगितलं, गुडघे दुखतायत. सून फोनवर म्हणाली, ‘आई, लिफ्ट आहे ना, गुडघ्यांना काय त्रास?’ मी गप्प. ती बिचारी सरळ मनाने म्हणाली होती. बारसं व्हिडिओ कॉलवर बघितलं. नाव कानात सांगताना आत्याने फोन बाजूला ठेवला, त्यामुळे मला फक्त पंखा दिसला. त्या रात्री ह्यांनी पहिल्यांदा मला विचारलं, ‘तुला नक्की काय होतं, ते एकदा सांगशील का?’ अकरा वर्षांत आम्ही या विषयावर बोललोच नव्हतो. ते फक्त न बोलता भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्याबरोबर जिना चढायचे. वॉचमन दादा पार्सल वर आणून द्यायचे. सगळे माझी सोय बघत होते.

जानेवारीत आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. स्कूटर दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून लावली, कोणी बघू नये म्हणून. आज मला त्याचं हसू येतं, पण त्या दिवशी हसू येत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. या गोळ्यांबद्दल आपल्या कट्ट्यावर फार काही बोललं जातं, म्हणून सांगते. ही झोपेची गोळी नाही. घेतल्याबरोबर काही वाटत नाही. दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि सुरुवातीला थोडी मळमळ होते. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची. लगेच आराम देणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, त्यांची सवय लागू शकते, त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. म्हणून शेजारणीची गोळी मागून घेऊ नये. मी अजून गोळी घेते. हो, आजही.

गोळीने खालची जमीन जरा थंड झाली. झाडासाठी समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, लिफ्टमध्ये नक्की कशाची भीती वाटते? पडायची की अडकायची? मी विचार केला आणि म्हटलं, दोन्ही नाही. मला भीती वाटते ती मला जे होईल त्याची. त्या धडधडीची. मॅडम म्हणाल्या, मग लिफ्टबद्दल बोलून उपयोग नाही, धडधडीबद्दल बोलू.

त्यांनी समजावलं ते असं. समोर वाघ आला तर शरीर ॲड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, म्हणजे पळता यावं. माझं शरीर वाघ नसताना ते करत होतं. गरज नसताना जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. आपण त्यालाच मरण समजतो आणि आणखी घाबरतो. हा झटका बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपला आपण उतरतो. पण उतरताना बघायला आपण तिथे थांबलेलोच नसतो! मी दर वेळी चढत्या बाजूलाच पळून गेले होते. पळाले म्हणून वाचले, असं माझं शरीर शिकलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आपण कुणाला तरी हिणवायला म्हणतो. माझी आजीही मला म्हणायची. पण नीट बघा, राक्षस धावतो कुणामागे? पळणाऱ्यामागे.

मी विचारलं, मग सगळे मला मदत करत होते ते चुकीचं का? त्या म्हणाल्या, प्रेमाचंच होतं, पण त्याने भीतीचा पगार वेळेवर होत राहिला. हे मला लागलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनाही लागलं. दोन दिवस ते बोलले नाहीत. मग म्हणाले, पिशव्या मी लिफ्टने आणतो, तू तुझी ये.

नंतर शिडी केली. ही शिडीची पद्धत जोसेफ वोल्पे नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मांडली, त्यांचं पुस्तक १९५८ चं. भीतीच्या गोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत लावायच्या, एकेक पायरी घ्यायची, आणि दर वेळी भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायचे. मला शंभरात काही सुचेना. मी मॅडमना म्हटलं, मी आण्यात सांगू का? सोळा आणे म्हणजे पुरती भीती. त्या चालेल म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या वहीत आणे आहेत.

पहिली पायरी, पार्किंगमधल्या बाकावर बसून लिफ्ट वर-खाली जाताना नुसती बघणं. चार आणे. दुसरी, दार उघडं ठेवून आत उभं राहणं. सात आणे. तिसरी, तळमजल्यावरच दार बंद करून अर्धा मिनिट. चौदा आणे! लिफ्ट हललीसुद्धा नव्हती. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं आणि तीच पायरी दिवसातून चार-पाच वेळा करायची, असा नियम. तुमच्यातल्या काहींनी त्या महिन्यात लिफ्ट अडवून ठेवल्याची तक्रार रजिस्टरमध्ये लिहिली होती. ती माझी तक्रार होती. माफ करा.

चौथ्या पायरीला सोबत लागली. पाचशे दोनच्या वहिनींना विश्वासात घेतलं. त्या स्वभावाने प्रेमळ, त्यामुळे पहिल्या दिवशी अख्खा मजलाभर ‘काही होत नाही, काही होत नाही’ म्हणत होत्या. त्याने माझे आणे वाढले. मॅडमनी सांगितलं, धीर देऊ नका, हात धरू नका, फक्त नेहमीसारखं बोला. मग आम्ही लिफ्टमध्ये भाज्यांचे भाव बोलायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा, तेव्हा पाचवीत होता, आज तो इथे पुढेच बसलाय, त्याने स्वतःहून लिफ्टमास्तरची नोकरी धरली. तो मला रोज विचारायचा, ‘काकू, आज किती आणे?’ आणा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. हातात मोबाइल आणि पाण्याची बाटली घेऊन गेलेलं चालत नसे, कारण मग श्रेय बाटलीला जातं. तोच माझी बाटली काढून घ्यायचा.

त्या दिवसांत सार्वजनिक वाचनालयातून अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ आणून वाचलं. एलिस हे अमेरिकेतले मोठे मानसतज्ज्ञ. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती आपल्याकडे आणली. पण मला आवडला तो एकोणीस वर्षांचा एलिस. मुलींशी बोलायची त्याला इतकी भीती की तोंडातून शब्द फुटत नसे. त्याने ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक बाईशी बोलायचं. काही जणी उठून गेल्या, पण शंभर जणींशी तो बोलला. भेटायला यायचं कबूल केलं एकीने, आणि तीही आली नाही. म्हणजे हिशेबाने शंभर टक्के नापास. पण भीती गेली, कारण कुणी पोलीस बोलावले नाहीत की कुणी ओरडलं नाही. मला हे वाचून फार हलकं वाटलं. आपल्याकडे मनाच्या आजारांवर घरात, दिवाणखान्यात बोलायची सवय लावण्यात डॉ. आनंद नाडकर्णींचा मोठा वाटा आहे. ठाण्याची त्यांची आयपीएच संस्था १९९० पासून काम करते. त्यांची भाषणं मोबाइलवर ऐकत मी स्वयंपाक करायचे.

जुलैपर्यंत मी एकटी पाचव्या मजल्यापर्यंत जायला लागले. पाच आण्यांवर आले होते. आणि ऑगस्टमध्ये लिफ्ट अडकली. एआरडीची बॅटरी उतरलेली होती. मी एकटी होते.

तुम्हाला वाटेल, आता काकू शांतपणे बसल्या असं सांगणार. मी ओरडले. रडले. घंटेचं बटण इतकं दाबलं की बोट दुखलं. साधारण नऊ मिनिटांनी वॉचमन दादांनी दार उघडलं. त्या नऊ मिनिटांत एक मात्र बघितलं. सातव्या-आठव्या मिनिटाला, अजून आतच असताना, माझं रडणं थांबलं होतं. धडधड उतरली होती. बाहेरून कुणी काही केलेलं नसताना. पण हे मला नंतर आठवलं. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, असं झालं तर त्याच दिवशी पुन्हा लिफ्टमध्ये जा. मी गेले नाही. तीन आठवडे जिना. मग पुन्हा बाकावर बसण्यापासून सुरुवात. लिफ्टमास्तर म्हणाला, ‘काकू, साप-शिडीत होतं असं.’

आणि लिफ्टचे आणे उतरले तशी काळजीने दुसरी जागा शोधली. आता गॅसचं बटण. निघताना तीनदा बघायचे, आता एकदा बघते, कधी दोनदा. मला वाटलं होतं उपचार म्हणजे एक दिवस भीती संपेल. तसं काही कुणी मला सांगितलं नव्हतं, मीच धरून बसले होते. क्लेअर वीक्स म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एक डॉक्टर होत्या, तरुणपणी त्यांनाही धडधडीचा असाच त्रास झाला होता. त्यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात सांगितलं की भीतीशी कुस्ती खेळू नका, तिला येऊ द्या, तिच्यासकट तरंगत पुढे जा आणि वेळ जाऊ द्या. गोदावरीत पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. हातपाय झाडले की बुडतो.

एक बाजूची गोष्ट, कारण ए विंगमधल्या एका घरातून मला परवानगी आहे. त्यांचा मुलगा रक्त बघितलं, सुई टोचली की चक्कर येऊन पडतो. त्याला मी माझंच ज्ञान सांगायला गेले, थांबून राहा म्हणून. ते चुकलं असतं. बाकीच्या भीतींत रक्तदाब वाढतो, त्यामुळे माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र तो आधी वाढून मग एकदम खाली येतो. त्यासाठी हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताणून धरायचे, सोडायचे, पुन्हा ताणायचे, हे शिकवतात. तेव्हा माझं औषध तुम्हाला चालेलच असं नाही. जाणकाराला विचारा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. नोटीस बोर्डावर प्लंबरच्या नंबरखाली तो लिहावा, अशी कमिटीला विनंती. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आरोग्यविम्यात मनाच्या आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच धरायला हवं, तेव्हा आपली पॉलिसी काढून वाचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नातीचा दुसरा वाढदिवस होता. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी. इगतपुरी सुटल्यावर मी ह्यांना म्हटलं, माझ्याशी बोलू नका. पहिल्या बोगद्याला दहा आणे. डोळे उघडे ठेवले. मग आठ. पुढे एका डब्यातल्या मुलांनी ओरडायला सुरुवात केली आणि कसारा येण्याच्या आधी कधीतरी मी मोजायचं विसरले. मुलाच्या इमारतीत लिफ्ट आपल्यापेक्षा कितीतरी वेगाची, आतून सगळी आरशांची. बारा आणे. नात माझ्या कडेवर. तिला एकोणीसचं बटण दाबायचं असतं, रोजचा हक्क आहे तिचा. तिने दाबलं आणि माझ्या छातीवर कान ठेवून म्हणाली, ‘आजी, ढमढम.’ मी म्हटलं, हो बाई, ढमढम.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यात इगतपुरी-कसाऱ्याकडचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. मुलगा म्हणतो, आई, आता गाडीने या, घाट लागतच नाही. अजून गेलेले नाही. वहीत लिहून ठेवलाय, पुढे आणे कोरे.

तर हे सन्मानचिन्ह मी कमिटीला परत देते. सी विंगमधले आपले नाना, पंच्याहत्तरीचे, ते खरोखर व्यायाम म्हणून जिना चढतात, मी त्यांना विचारून खात्री केली आहे. शाल मात्र ठेवून घेते, थंडीत उपयोगी पडते. आणि कुणाला लिफ्टमध्ये सोबत हवी असेल तर रोज दुपारी चार वाजता मी पार्किंगमधल्या बाकावर असते. ‘काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही, भाजीचे भाव सांगेन.

दूध झालेलं दिसतंय. मी दोन मिनिटांत आले, रात्रीची गोळी घरी राहिली आहे. लिफ्ट कुणी अडवू नका.